सिकाई संपली, पथ्य संपेना

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना वॉर्डात सगळ्याजणी वहिनी म्हणायच्या, म्हणून इथेही वहिनीच. वय 47. इंदुरात सुदामानगरात राहतात. घरी नवरा, सासू, कॉलेजात जाणारा मुलगा आणि अकरावीतली मुलगी. नवऱ्याची नोकरी कचेरीतली. दिवाळीला वहिनी चकली-अनारशांच्या ऑर्डरी घ्यायच्या, त्या आजारपणात बंद पडल्या. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मजकूर नवरा-बायको दोघांनी वाचला, एक-दोन गोष्टी खोडायला लावल्या आणि मग हो म्हटलं.

मी कॅन्सर विभागात समुपदेशनाचं काम करते. वहिनी माझ्याकडे आल्या त्या संसारातल्या अडचणीसाठी नव्हेत. केसपेपरवर एवढंच होतं: ‘पेशंट आतली तपासणी करू देत नाही, समुपदेशन करावे.’ उपचार संपून तेव्हा चौदा महिने झाले होते.

आजार आणि उपचार

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, टप्पा 2बी. म्हणजे रोग पिशवीच्या तोंडाबाहेर शेजारच्या ऊतींत सरकलेला, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत न पोचलेला. अशा वेळी सहसा ऑपरेशन करत नाहीत. सिकाई, म्हणजे किरणोपचार, आणि सोबत केमो देतात. वहिनींना पाच आठवड्यांत बाहेरून 25 सिकाया, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून 4 सिकाया मिळाल्या. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत उरकावं लागतं, लांबलं तर गुण कमी येतो. त्यांचं वेळेत झालं. नंतरच्या तपासणीत रोग दिसला नाही. भारतातल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हाच कॅन्सर येतो, 2022 च्या जागतिक अंदाजात देशातल्या नव्या रुग्णांचा आकडा सव्वा लाखाच्या वर होता. त्यातल्या पुष्कळजणी वहिनींसारख्या बऱ्या होऊन घरी जातात, आणि पुढचं आयुष्य कसं चालतं याची नोंद कुठल्याही कागदावर नसते.

सिकाईनं रोग जातो तसं आणखीही काही जातं. बीजकोष त्या क्षेत्रात येतात, त्यामुळे पाळी कायमची बंद होते आणि तरुणपणी येऊ नये ती मेनोपॉज एकदम अंगावर येते. योनीच्या वरच्या भागाला सर्वांत जास्त मात्रा मिळते. तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, भरून येताना भिंती एकमेकींना चिकटतात, आणि महिन्यामहिन्यानं वाट आखूड नि अरुंद होत जाते. हे टाळायला सिकाईनंतर साधारण महिनाभरानं, सूज उतरली की, डायलेटर, म्हणजे वाट उघडी ठेवायला आत घालायची कांडी, वापरायला सुरुवात करतात.

वहिनींना हे सांगितलं होतं का? कागदोपत्री, होय. जिथे उपचार झाले त्या इस्पितळाच्या सुट्टीच्या कागदावर औषधांच्या यादीखाली इंग्रजीत एक ओळ होती, ‘व्हजायनल डायलेटेशन ॲडव्हाइज्ड’. वहिनींना ते औषधाचं नाव वाटलं. मुलाला मेडिकलवर पाठवलं. दुकानदार म्हणाला, “इस नाम की कोई दवाई नहीं आती.” बाकीची औषधं आली, यादी घडी घालून ठेवली गेली, विषय संपला.

घरातली खाट

पहिल्या भेटीत वहिनी फार काही बोलल्या नाहीत. “दुखतं मॅडम. हात लावला तरी दुखतं. आता रोग नाहीये ना, मग कशाला बघायचं?” मी तपासणीचा विषय बाजूला ठेवला आणि दिवस कसा जातो ते विचारलं. सकाळपासून सुरू करून रात्रीपर्यंत आलो, तेव्हा त्या म्हणाल्या की मुलीच्या खोलीत झोपतात.

“कधीपासून?”

“सिकाई लागली तेव्हापासून.”

“कुणी सांगितलं?”

त्यांना आठवेना. खरं तर कुणीच सांगितलं नव्हतं. रात्री उलट्या व्हायच्या, चार वेळा उठावं लागायचं. नवऱ्याची झोपमोड नको म्हणून सासूबाईंनी खाट हलवली. ताट-पेला वेगळा केला तोही त्यांनीच. आजींनी, म्हणजे सासूबाईंनीच, आपल्या तरुणपणी घरात क्षयाचं आजारपण काढलेलं, वेगळी भांडी म्हणजे त्यांच्या लेखी काळजी. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा गर्दीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून हळदीकुंकू बंद. पोट बिघडतं म्हणून कच्चं, तिखट, कोंड्याचं बंद. सिकाई चालू असताना संबंध ठेवू नका, हेही सांगितलेलं. त्या-त्या वेळी यातलं बहुतेक बरोबरच होतं.

चौदा महिन्यांनी ताट अजून वेगळं होतं, खाट मुलीच्या खोलीत होती आणि वहिनी कुणाच्याही घरी जात नव्हत्या. या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. उपचार सुरू करायची तारीख मिळते, संपल्याचा कागद मिळतो, पण उपचारापुरती लावलेली बंधनं आता उठली असं कुणी येऊन सांगत नाही. घरातली माणसं प्रेमळ असली तर बंधनं जास्तच टिकतात, कारण आपणहून ती मोडायला कुणी धजत नाही.

भाऊ

नवऱ्याला वॉर्डात सगळे भाऊ म्हणत. प्रत्येक तपासणीला सोबत यायचे, फाइल हातात, पाण्याची बाटली पिशवीत, आणि आत बोलावलं की “तू जा, मी बसतो.” मी त्यांना एकट्याला भेटायचं ठरवलं तेव्हा वहिनींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “विचारा. मला तर वाटतं त्यांना किळस येते. तोंडानं म्हणत नाहीत बिचारे.”

भाऊंच्या मनात किळस नव्हती. निदान झालं त्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर हा रोग कशानं होतो ते शोधलं होतं आणि एचपीव्ही विषाणूपाशी येऊन थांबले होते. संबंधातून पसरतो, एवढं वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही. “म्हणजे माझ्याकडूनच गेला असणार ना? आता परत जवळ गेलो आणि परत झाला तर?” शिवाय, सिकाईचं काही अंगात राहिलं असेल तर हात लावताना तिला त्रास होईल, हीही भीती. विचारायचं कुणाला? मोठ्या भावाला सांगता येत नाही, डॉक्टरांसमोर बायको असते.

दोघांना एकत्र बसवून मी जे सांगितलं ते असं. एचपीव्हीमुळे हा कॅन्सर होतो हे हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी दाखवून दिलं, 2008 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पण हा विषाणू इतका सर्रास आढळतो की लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतोच. बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघून जातो, थोड्यांच्यात ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. कुणाकडून, कधी, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही, आणि त्यावरून कुणाच्या चालीरीतीबद्दल काही ठरवताही येत नाही. कॅन्सर संबंधातून लागत नाही. नवऱ्याच्या जवळ येण्यानं तो उलटतही नाही. बाहेरची सिकाई मशीन बंद झालं की संपते. आतल्या सिकाईचा स्रोत त्याच वेळी काढून घेतात, अंगात काही उरत नाही.

भाऊंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “हे आधी का नाही सांगत?” यावर मला उत्तर सुचलं नाही.

आधी शरीर

आमच्या क्षेत्रात अशा जोडप्यांना ‘मनातली भीती काढा, संवाद वाढवा’ म्हणून लगेच समुपदेशनाला पाठवायची घाई असते. ती मला पटत नाही. दुखणाऱ्या जागेचं काही न करता संवाद वाढवला तर बायको जास्त गोड शब्दांत नाही म्हणायला शिकते, एवढंच होतं. म्हणून मी स्त्रीरोग कॅन्सरच्या डॉक्टरबाईंना गाठलं. ‘तपासणी करू देत नाही’ हा शेरा बाजूला ठेवून त्यांनी लहान मुलीला तपासावं तशा बेतानं तपासलं. सर्वांत छोटं स्पेक्युलम (आत बघायचं साधन), जेली, आणि वहिनींनी हात वर केला की थांबायचं, असा करार. एक बोट जेमतेम अर्धं जात होतं. वर चिकटून पट्टा तयार झाला होता. जोर लावून तो मोडायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. सिकाई झालेल्या ऊतीला जखम लवकर भरत नाही, लघवीच्या किंवा शौचाच्या मार्गाशी भोक पडायची भीती असते. रोग परतल्याची खूण नव्हती.

मग इलाज. आत लावायचं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं क्रीम, दोन-तीन दिवसांआड मॉइश्चरायझर, आणि डायलेटरचा सर्वांत बारीक नंबर. वहिनींचा कॅन्सर स्क्वॅमस जातीचा, म्हणजे वरच्या सपाट पेशींतून निघालेला. तो इस्ट्रोजेनवर पोसला जात नाही, म्हणून क्रीम चालतं. अंगातून वाफा येणं आणि हाडांची झीज यासाठी गोळ्यांच्या रूपातही हार्मोन देता येतात. मात्र पिशवी काढलेली नसली तर इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, कारण सिकाईनंतरही पिशवीचं अस्तर थोडंफार जिवंत असू शकतं. डॉक्टरबाईंनी तेही सुरू केलं आणि पन्नाशीपर्यंत चालू ठेवू म्हणाल्या.

डायलेटर म्हणजे सिलिकॉनची गुळगुळीत कांडी, चढत्या जाडीच्या संचात मिळते. ऑनलाइन मागवली, खोकं साधं असतं, वर काही लिहिलेलं नसतं, तरी वहिनींनी पत्ता भाऊंच्या कचेरीचा दिला. कसं वापरायचं ते सिस्टरनी मॉडेलवर दाखवलं: पाठीवर झोपून गुडघे मोडायचे, पाण्यावर आधारलेली जेली लावायची, श्वास सोडताना हळूच आत, अडेल तिथे थांबायचं, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग साबण-पाण्यानं धुऊन कोरडी करून ठेवायची. आठवड्यातून दोन-तीनदा. जेलीवर किंचित लाल डाग दिसला तर घाबरायचं नाही, सिकाईनंतर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. वाहायला लागलं किंवा पुन्हापुन्हा दिसलं तर मात्र लगेच दाखवायचं.

अडचण आली ती एकांताची. मुलीच्या खोलीला आतून कडी नव्हती, न्हाणीघराबाहेर सतत कुणीतरी उभं. उपाय वहिनींनीच काढला. त्यांच्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून अख्खं घर टाक्या भरण्यात; बिनपाण्याच्या दिवशी सगळे उशिरा उठतात. ती बिनपाण्याची सकाळ त्यांनी पकडली. आठवड्याचा हिशोब आपसूक बसला.

शिक्क्याचा कागद

1976 मध्ये जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञानं लैंगिक अडचणींवर काम करायची एक पायऱ्यांची रीत मांडली. आधी बोलायची परवानगी, मग मोजकी माहिती, मग नेमक्या सूचना, आणि गरज पडली तरच खोल उपचार. प्लिसिट म्हणतात तिला, आणि जगभरच्या कॅन्सर विभागांत ती वापरतात. त्यातली परवानगी सल्लागारानं रुग्णाला द्यायची असते. सुदामानगरातल्या तीन खोल्यांच्या घरात तेवढ्यानं भागत नाही. परवानगी आजींनाही लागते, आणि ती तोंडी चालत नाही.

म्हणून डॉक्टरबाईंकडून दोन कागद लिहून घेतले, दोन्हींवर सही-शिक्का. एक घरासाठी: भांडी वेगळी नकोत, झोपायची जागा पूर्वीसारखी, सणवार-कार्यक्रमाला जाण्यास हरकत नाही, स्वयंपाकाचं काम झेपेल तेवढं. दुसरा फक्त दोघांसाठी: पती-पत्नी संबंधांस मनाई नाही, दुखल्यास थांबावे, अमुक जेली वापरावी. पहिला कागद आजींनी चष्मा लावून वाचला, देवघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचणीनं लावला आणि नातवाला हाक मारून खाट उचलायला सांगितली. मी मनातल्या मनात आजींशी वाद घालायची तयारी करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली.

खाट आली म्हणजे सगळं आलं असं नाही. वहिनी पहिले काही दिवस कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. इथे मी मास्टर्स आणि जॉन्सन यांची 1970 च्या सुमाराची स्पर्शाची पद्धत घेतली. तिचा गाभा असा की ठरावीक काळ संबंध ठेवायचेच नाहीत. फक्त आळीपाळीनं स्पर्श, तोही आधी छाती आणि खालची जागा सोडून. पुढे काय होणार ही धास्ती निघून जाते आणि अंग सैल पडतं. सिस्प्लॅटिनमुळे वहिनींच्या तळपायांना मुंग्या यायच्या, म्हणून मी भाऊंना तळपायांना खोबरेल चोळायला सुचवलं. वहिनी उसळल्या. “मी यांच्याकडून पाय चोळून घेऊ? पाप लागेल मला!” मग हातांवर आलो. बोटं, मनगट, कोपर. नंतर पाठ. केसांना तेल लावायचं काम भाऊंनी आपणहून मागून घेतलं. हा भाग बरेच आठवडे चालला आणि माझ्या मते सर्वांत फळला. संबंधांची घाई दोघांनाही नव्हती, हे तेव्हाच कळलं. त्यांना परत एकमेकांजवळ बसायला कारण हवं होतं.

मैत्रीण

आमच्याकडे आधारगट भरतो. मोठं सभागृह, हिंदीतून चालणारं, पेशंटबरोबर नातेवाईकही. वहिनी एकदा येऊन ‘मैं ठीक हूँ’ म्हणून बसल्या आणि परत आल्या नाहीत. मला त्यांचं नवल वाटलं नाही. अशा गटांत बोलणं बहुतेक स्तनाच्या कॅन्सरभोवती फिरतं; पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवाल्या आजाराचं नावही घेत नाहीत, शेजारीपाजारी ‘पिशवीत गाठ होती’ एवढंच सांगितलेलं असतं.

ओपीडीच्या बाकावर त्यांना लोकमान्यनगरातल्या एक काकू भेटल्या. साठीच्या आसपासच्या, स्तनाचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेल्या, भजनी मंडळातल्या. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेसी लासर यांनी ऑपरेशन झालेल्या बायकांना, त्याच वाटेनं गेलेल्या बाईनं जाऊन भेटायचं, असं काम सुरू केलं होतं. पुढे ते बऱ्याच देशांत पसरलं. काकूंना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन नंबर घेतला आणि दुपारी आजींची मालिका लागली की वहिनींना फोन करायला लागल्या.

मला जे कधी सांगितलं नाही ते वहिनींनी काकूंना सांगितलं. हळदीकुंकवाला न जाण्याचं कारण गर्दी नव्हतंच. सिकाईनंतर आतडी हळवी होतात. शौचाची घाई लागली की थांबवता येत नाही. एकदा कुणाकडे वाण घेता घेता त्यांना पळत घरी यावं लागलं होतं. काकू म्हणाल्या, जायच्या दिवशी सकाळी दूध-चहा नको, पॅड लाव, आणि मी दाराजवळची जागा धरते, उठायचं झालं तर आधी मी उठेन. त्या संक्रांतीला दोघी तीन घरं करून आल्या. शौचाचं मी डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं, त्यावर औषधही सुरू झालं.

या मैत्रीत एक धोकाही निघाला. क्रीमनं वहिनींना आराम पडला हे ऐकून काकूंनी तेच मागितलं. काकू लेट्रोझोलवर आहेत. ती गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन खाली आणण्यासाठीच देतात, कारण त्यांच्या जातीचा कॅन्सर त्यावर वाढतो. तिथे इस्ट्रोजेनचं क्रीम आपल्या मनानं लावणं म्हणजे एका हातानं औषध घेऊन दुसऱ्यानं ते पुसून टाकणं. अशा बायकांना आधी बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर आणि जेली देतात, आणि पुढचं काही करायचं तर ते कॅन्सरच्या डॉक्टरला विचारूनच. काकूंनी ट्यूब परत केली, थोड्या खट्टू होऊन. मॉइश्चरायझरनं त्यांनाही बरं वाटतंय.

आजची स्थिती

सात महिन्यांनी वहिनी डायलेटरच्या तिसऱ्या नंबरवर आहेत. आतली तपासणी पूर्ण होते, आणि रोग परतला तर वेळेत कळेल हा त्याचा खरा फायदा, जो संबंधांच्या बोलण्यात मागे पडतो. वाट पूर्वीइतकी लांब झालेली नाही, होणारही नाही असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. दोघं जवळ आले आहेत. कधी थोडं दुखतं, तेव्हा थांबतात. किती आत हे वहिनींच्या हातात राहील अशा कुशीच्या स्थिती सिस्टरनी चित्रावर समजावल्या, त्यांचा उपयोग झाला. दिवाळीच्या निम्म्या ऑर्डरी त्यांनी परत घेतल्या आहेत. हाडांच्या घनतेची तपासणी व्हायची आहे.

आमच्या विभागात आता सुट्टीच्या कागदासोबत डायलेटर हातात देऊन दाखवतात आणि बंधनं उठल्याचा वेगळा कागद हिंदीत देतात. मराठीत छापायचा प्रस्ताव मी दिला आहे.

मध्येच एक नवी गाठ निघाली. चौथ्या महिन्यात कळलं की अडचण आता भाऊंच्या बाजूनंही आहे. साखर बरीच वर्षं वाढलेली, औषध अधूनमधून, आणि ताठरता टिकत नाही. मधुमेहात हे नेहमीचं, इलाजही आहेत, पण त्यासाठी आधी डॉक्टरकडे जावं लागतं. त्यांची वेळ घेऊन झाली. कचेरीतल्या कामाचं निमित्त करून ती त्यांनी दोनदा पुढे ढकलली. वहिनी परवा म्हणाल्या, “माझ्या मागे लागला होतात ना मॅडम, तसं आता जरा यांच्या मागे लागा.”